भरदुपारचा मालकंस

त्या वर्षी मार्गशीर्ष लागला तरी आमच्या इमारतीच्या जिन्यातली ओल हटली नव्हती. नोव्हेंबरातल्या पावसानं चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीचे रस्ते गिळले होते; पाणी ओसरलं तेव्हा तळमजल्याच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीची एक तपकिरी रेघ मागे राहिली, आणि तिच्याखालून भिजल्या चुन्याचा, गाळाचा, कुजलेल्या पुठ्ठ्यांचा मंद वास दिवसचे दिवस वर येत राहिला. सकाळी दार उघडलं की तो आधी भेटायचा. मग त्यात शेजारच्या दारातल्या रांगोळीचं ओलं तांदूळपीठ मिसळायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फुटणाऱ्या कढीलिंबाची खमंग चाहूल यायची, आणि समोरच्या कठड्यावर ती जांभळी डिसेंबरफुलं डोलत असायची, ज्यांना मुळी वासच नसतो. इतक्या देखण्या फुलांना वास नसावा याचं मला त्या दिवसांत उगाचच वाईट वाटायचं.

पाणी चढलं तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर कोंडून पडलो होतो. वीज नव्हती. दूध नव्हतं. श्रीनिवास, माझा नवरा, कंपनीच्या कामासाठी परदेशी होता आणि फोन लागत नव्हता. मी, सात वर्षांची मुक्ता आणि तीन वर्षांचा ईशान, असे तिघं त्या दोन खोल्यांत एकमेकांच्या अंगावर आदळत राहिलो. खिडकीतून खाली पाहिलं की मोटारींची छपरं कासवांच्या पाठींसारखी दिसत. ईशान दाराची कडी वाजवायचा, मुक्ता त्याच्यावर ओरडायची, मी दोघांवर. पुढे पाणी उतरलं, दूधवाला आला, शाळा सुरू झाली, श्रीनिवासचा आवाजही फोनवर पुन्हा ऐकू येऊ लागला. माझ्या आतलं पाणी मात्र तसंच तुंबून राहिलं. साताऱ्याहून इथे येऊन चार वर्षं होत आली होती. मुक्ता तमिळमध्ये भांडायची, तमिळमध्ये स्वप्नातही बडबडायची. माझं तमिळ मात्र भाजीवाल्यापुरतं. ‘नको’, ‘पुरे’, ‘केवढ्याला’, ‘हो’, ‘नाही’. एवढ्या शब्दांत माणूस जेवू शकतो, जगलं असं मात्र म्हणवत नाही.

लग्नाआधी मी गात असे. हे वाक्य मी त्या काळात कुणाला सांगितल्याचं आठवत नाही, कारण सांगायला कुणी नव्हतंच. साताऱ्यात गुरुजींच्या माडीवर, कंदिलाएवढ्याच पिवळ्या दिव्याखाली, सगळं गाव निजल्यावर ते मालकंस शिकवत. हा राग दिवसा गुणगुणलेलाही त्यांना खपायचा नाही. रात्र पुरती दाटली पाहिजे, म्हणायचे, तरच यातला मध्यम उमलतो. लग्नानंतर मुक्ता झाली, बदली झाली, ईशान झाला. गाणं कुणी बंद केलं नाही. पाहुण्यांच्या गर्दीत एखादी म्हातारी बाई आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसते, तसं ते आपणच मागे सरलं.

अशात एक दिवस अक्का वर आल्या. अक्का म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या कमलाबाई, निवृत्त शिक्षिका, मूळच्या तंजावरच्या. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी मला आधी परकी वाटायची आणि नंतर फार जवळची. जुन्या पोथीतली अक्षरं कुणी तमिळ चालीवर म्हणावीत तशी ती भाषा होती. वाक्याचा शेवट वर उचलला जायचा, जणू प्रत्येक गोष्ट त्या हळूच माझ्या हातात ठेवून विचारत, हे तुझंच ना?

“उद्यां दोपारी मैलापुरांत कच्चेरी आहे,” त्या म्हणाल्या. कच्चेरी म्हणजे मैफल. “नवी पोर गाते. चांगली गाते मणतात. तूं ये.”

मी ईशानकडे पाहिलं. तो जमिनीवर पालथा पडून चप्पल चाटत होता.

“लेंकरांला घेऊन ये की. लेंकरं मणजे रडतीलच. पण कडेला बैस, बरं का. मध्यें नको.”

त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी साडीला इस्त्री केली.

उड्डाणपुलावरून धावणारी ती रेल्वे वेलचेरीपर्यंत नुकतीच पोचली होती. स्टेशनांच्या अवाढव्य इमारती अजून रिकाम्या होत्या, त्यांच्या पोकळीत ईशाननं मारलेली एक हाक चारी बाजूंनी परत आली आणि तो इतका खूष झाला की गाडी येईपर्यंत हाका मारतच राहिला. गाडीच्या दाराशी वारा होता, खाली दलदलीतल्या लव्हाळ्यांवर ऊन चमकत होतं, एकेका पायावर उभे बगळे दिसत होते. मुक्ता नव्या परकर-पोलक्यात ताठ बसली होती. अक्कांनी तिच्या वेणीत जांभळी फुलं माळली होती. तेवढा अर्धा तास मला वाटलं, आपण सुटलो.

सभागृह म्हणजे एका जुन्या शाळेचं मोठं दालन होतं. उंच छत, संथ फिरणारे पंखे, आणि सुतळीनं एकमेकींना बांधून टाकलेल्या लोखंडी खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा, कुणी ओढून ओळ मोडू नये म्हणून. दुपारची मैफल सगळ्यांना खुली असल्यानं ज्येष्ठ मंडळी आधीच जागा धरून बसली होती. बाहेर चांगलं ऊन असूनही त्यांच्या कानांना मफलर होते, कारण चेन्नईच्या लेखी हा कडाक्याचा हिवाळा. मागच्या बाजूनं कॉफीच्या डिकॉक्शनचा आणि तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास येत होता, पुढून रेशमाचा आणि कापराचा. कडेच्या सगळ्या जागा गेल्या होत्या. अक्का हळहळल्या, पण चौथ्या रांगेच्या अगदी मधोमध चार खुर्च्या मोकळ्या दिसल्या आणि मी मोहात पडले. इतक्या जवळून! आम्ही गुडघ्यांची क्षमा मागत मागत आत शिरलो, आणि आमच्यामागून रांग पाण्यासारखी मिटली.

गाणारी माझ्याहून लहान असेल. गर्द हिरवी कांजीवरम, कपाळावर उभी बारीक रेघ, आणि चेहऱ्यावर काहीतरी ओढलेलं, झोप अपुरी झालेल्या माणसासारखं. तिनं षड्ज लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. भाषा कळत नव्हती, चाली अनोळखी होत्या, पण तो षड्ज कळला. त्याला काय तमिळ आणि काय मराठी.

पहिल्या दोन रचना मुलांनी सोसल्या. मुक्ता मृदंग वाजवणाऱ्याच्या बोटांकडे पाहत होती. ईशान बिस्किटं खात होता. मी मात्र गाणं ऐकत नव्हते, हे मला जरा वेळानं उमगलं. माझं अर्धं अंग त्याच्याकडे होतं. त्याचा श्वास बदलला की माझा अडत होता. एक हात त्याच्या पोटावर, दुसऱ्यात मुक्ताचं मनगट. स्वर येत होते आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे निघून जात होते. आजूबाजूची सगळी मंडळी मांडीवर बोटं मोजत ताल धरून तरंगत होती आणि मधोमध मी, दोन्ही हातांनी दोन मुलांना बांधलेली, सुतळीच्या त्या खुर्चीसारखी.

मग गायिकेनं आलाप सुरू केला. साथीदार थांबले, सभागृह निःशब्द झालं, एक लांब स्वर हवेत स्थिर होऊ लागला, आणि नेमका त्याच क्षणी ईशानच्या मांडीवरचा बिस्किटांचा स्टीलचा डबा खाली पडला. तो नुसता पडला नाही. फरशीवर फिरला, झाकण वेगळं झालं, तेही फिरलं. पुढच्या तीन रांगांतली डोकी वळली. ईशाननं त्या शांततेत घोषणा केली, “आई, शू!”

“थांब थोडं, राजा.”

“शू! शू! बाहेर!”

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं चावा घेतला, असा की माझाच आवाज निघाला. शेजारचे मफलरवाले आजोबा माझ्याकडे पूर्ण वळले आणि दबल्या सुरात तमिळमध्ये बरंच काही बोलले. मला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही, कळायची गरजही नव्हती; पण मुक्तानं, माझी एरवीची दुभाषी, आपलं काम चोख केलं. शुद्ध मराठीत, चांगल्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, “आई, ते आजोबा म्हणतायत एवढ्या लहान मुलांना आणलंच कशाला. बाहेर जा म्हणतायत.”

डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. डावीकडे गुडघेच गुडघे, उजवीकडे गुडघेच गुडघे. मुक्ताला ओढून उठवू लागले तेव्हा अक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिला असूं दे माझ्याकडे. तूं जा.”

“मी राहते, आई,” मुक्ता म्हणाली. तिनं आपलं मनगट माझ्या मुठीतून सोडवून घेतलं. त्यावर माझ्या बोटांचे लाल वळ उमटले होते. आपण इतकं घट्ट धरलं होतं हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मी ईशानला उचललं आणि कुणाच्या पायांवर, कुणाच्या पिशवीवर पाय देत बाहेर आले. एका स्वयंसेवकानं माझ्यामागे दार लावून घेतलं आणि बोटानं खूण केली. रचना संपेपर्यंत आत नाही.

सभागृहाच्या कडेनं एक अरुंद बोळ मागच्या आवारात जात होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुलूप घातलेली लोखंडी जाळी, तिच्यापलीकडे उपाहारगृहाच्या मोठमोठ्या पातेल्यांचा पसारा. गटाराच्या कडेला ईशानचं काम झालं. मग तो एकदम शांत झाला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि रडून थकलेली मुलं जशी एका क्षणात निजतात तसा निजला. आता त्याला घेऊन आत जाता येणार नव्हतं. खाली बसायला फरशी ओली होती. माझ्या दंडावर त्याचं सगळं वजन आलं. वरच्या झरोक्यातून आतला आवाज झिरपत होता. इतका की ऐकू यावा, इतका नाही की पुरावा.

आणि तेव्हा मला तो राग ओळखू आला.

आत तो डबा पडायच्या आधी, माझ्या घाबरलेल्या कानांना तो नुसता आलाप होता. बाहेर, पातेल्यांच्या त्या खडखडाटात, त्याचा मध्यम लागला आणि मी भिंतीला टेकले. इकडे त्याला हिंदोळम म्हणतात. पण तो माझा मालकंस होता, गुरुजींच्या माडीवरचा, रात्रीखेरीज ज्याला हात लावायचा नाही तो. इथे लख्ख ऊन पडलं होतं. जाळीवर कावळा बसला होता, कुणीतरी भांडी घासत होतं, आणि मालकंस असा भरदुपारी, कसल्याही संकोचाशिवाय गायला जात होता. मला आधी राग आला, कुणीतरी आपलं कुलूपबंद कपाट उघडून बसलं आहे असा. मग त्या बाईचा हेवा वाटला. ती गाते आहे, आणि मी इथे गटाराशी उभी. तिला कुणी चावलेलं नाही. तिचे दोन्ही हात मोकळे आहेत.

बोळाच्या टोकाला रंगमंचामागचं दार उघडलं आणि एक पन्नाशीच्या बाई भराभर बाहेर आल्या. त्यांच्या हातात चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, लालबुंद होऊन रडणारं. त्यांनी दार पाठीनं लोटलं आणि बाळाला छातीशी दाबून झपझप माझ्या दिशेनं, म्हणजे सभागृहापासून लांब, येऊ लागल्या. बाळाच्या तोंडावर त्यांनी हात ठेवला नव्हता. पदर धरला होता, आवाज अडवण्यापुरता. बोळ एवढा अरुंद की त्या माझ्यासमोरच थबकल्या.

“नातू?” मी विचारलं. एवढं इंग्रजी आम्हा दोघींना येत होतं.

“नात,” त्या म्हणाल्या आणि हनुवटीनं झरोक्याकडे खूण केली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग आतून तान आली आणि ते बाळ रडता रडता थांबलं. मान वळवून ते भिंतीकडे पाहू लागलं. भिंतीत काही नव्हतं. पुन्हा रडू लागलं, आधीपेक्षा जोरात.

“भूक,” आजी पोटावर हात ठेवून म्हणाल्या. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत त्यांनी सांगितलं की बाटली घेत नाही, मैफल लांबली, अजून मुख्य रचना व्हायची आहे. बाळंतपणानंतरचं हे गाणाऱ्या आईचं पहिलंच गाणं. ती आता नाही म्हणाली असती तर मैफल भरवणाऱ्या सभेनं पुढच्या वर्षी बोलावलं नसतं. “तिला रडणं ऐकू येतं,” त्या कानाला हात लावून म्हणाल्या. “ऐकू आलं की दूध येतं. म्हणून लांब.” आणि त्यांनी दोन्ही खांदे उचलले, ज्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही असे.

मी झरोक्याकडे पाहत राहिले. त्या गर्द हिरव्या रेशमाच्या आत काय चाललं असेल हे माझ्या अंगाला कळत होतं. दोन मुलांना पाजलेलं अंग होतं ते. ती उठू शकत नव्हती. शेकडो माणसांच्या नजरांनी ती तिथे जखडली होती, आणि मी इथे. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी अडकलो होतो. फक्त तिच्या अडकण्यातून मालकंस येत होता.

आजी त्या दोन हात बोळात येरझारा घालू लागल्या. मीही ईशानला खांद्यावर घेऊन डुलत होते. डुलता डुलता कधी ओठ हलले, कळलं नाही. आत ती जिथे थांबायची तिथून मी पुढचा स्वर धरत होते, घशातल्या घशात, ईशानच्या कानाशी, इतक्या हलक्यानं की माझं मलाच ते कंप म्हणून जाणवावं. आजींनी मात्र ऐकलं. त्या थांबल्या.

“पाडुवींगळा?”

गाता का? एवढा शब्द मला ठाऊक होता, अक्का मुक्ताला तेच विचारायच्या. मला सांगायचं होतं, गात असे. पूर्वी. लग्नाआधी. पण माझ्या भाजीबाजारातल्या तमिळला भूतकाळ नव्हता. ‘गात होते’ असं म्हणायला माझ्याजवळ क्रियापदच नव्हतं. होतं ते एवढंच, हो किंवा नाही.

“आमा,” मी म्हणाले. हो.

त्यांनी मान डोलावली, जणू त्यात विशेष काही नव्हतं, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी तिथेच उभी राहिले. माझे कान तापले होते, आपण खोटं बोललो की खरं, हे ठरत नव्हतं.

रचना संपली, टाळ्या झाल्या, दार उघडलं. पण मी आत गेले नाही. आजींचे हात भरून आले तेव्हा आम्ही ईशानला एका बाकावर निजवलं आणि बाळ मी घेतलं. तिला दोघी मिळून फिरवत राहिलो. शेवटी समारोपाचं मंगलम सुरू झालं तोवर ती दमून निजली होती. मग दार धाडकन उघडलं आणि हिरवं रेशीम जवळजवळ धावत बाहेर आलं. कपाळावरचा घाम पुसायलाही ती थांबली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांतल्या बाळाकडे पाहिलं, उचललं, आणि मागच्या खोलीत गेली. तिच्या छातीवरचा पदर भिजला होता. इतक्या जवळून गेली, पण गाणं फार सुंदर झालं हे तिला सांगायचं राहून गेलं.

अक्का मैलापुरातच बहिणीकडे राहणार होत्या. जाताना त्यांनी माझ्या हातावरच्या चाव्याच्या खुणेकडे पाहिलं. “पुढच्या वेळीं कडेला,” एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत तिन्हीसांज झाली होती. ईशान पुन्हा माझ्या मांडीवर आडवा, सगळा भार दंडावर टाकून निजला, त्याचे पाय बाकाबाहेर लोंबत होते. मुक्ता खिडकीशी बसली होती. कसं वाटलं, हे विचारायचा मला धीर होत नव्हता.

“ती गाणारी सारखी पडद्याकडे बघत होती,” ती आपणहून म्हणाली. “तिकडे कोणीच नव्हतं.”

मी तिला बाळाचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

“मग ती उठली का नाही?”

“तिला गायचं होतं. आणि सगळे बसले होते ना समोर. तिला उठता येत नव्हतं.”

खाली नदी गेली, पाण्यावरचा शेवटचा उजेड गेला.

“तुला उठायचं होतं, आई?”

नेहमीची उत्तरं ओठांवर आली. ईशानला शू लागली होती ना. मला काय, मी बाहेरूनही ऐकलं. सात वर्षांच्या मुलीला द्यायची सगळी मऊ उत्तरं. बाहेर स्टेशनांची रिकामी सभागृहं एकामागून एक मागे पडत होती.

“नाही,” मी म्हणाले. “मला नव्हतं उठायचं. मला बसायचं होतं.”

मला वाटलं, आपण तिच्यावर फार मोठं काहीतरी टाकलं. त्या रांगेत मी एकटीच कोंडले आहे अशा समजुतीत मी तिचं मनगट किती वेळ दाबून धरलं होतं, आता हेही. मग मुक्ता बाकावरून माझ्याकडे सरकली आणि ईशानचे लोंबणारे पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतले. माझ्या दंडावरचा भार एकदम हलका झाला आणि रक्त परत येताना येतात तशा बोटांपर्यंत मुंग्या आल्या. त्याच्या बुटांचा चिखल तिच्या नव्या परकराला लागत होता. एरवी मी लगेच बोलले असते.